सोलापुरातच बीडीई ची ऑफर आलीये, हे काम नक्की कसं असतं?

विजापूररोड_कॉमर्स

नमस्कार, यंदा एम.कॉम. झालं, टॅली आणि जीएसटी चा कोर्सही केलाय, आणि आता बिलिंग-अकाउंटिंग सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका कंपनीकडून बिझनेस डेव्हलपमेंट एक्झिक्युटिव्हची ऑफर आलीये. ऑफिस सात रस्त्याजवळ, म्हणजे घर सोडायचं नाही हा सगळ्यात मोठा प्लस. सीटीसी, म्हणजे कंपनीला माझ्यावर वर्षाला पडणारा एकूण खर्च, ३.६ लाख लिहिलंय, त्यातले ९० हजार व्हेरिएबल, म्हणजे टारगेटवर अवलंबून. इंटरव्ह्यूमध्ये सर म्हणाले की लीड (घेऊ शकतील अशी गिऱ्हाइकं) काढायच्या, कॉल करायचे, डेमो द्यायचा आणि ऑर्डर क्लोज करायची, टेरिटरी म्हणजे अक्कलकोट रोड एमआयडीसी, होटगी रोड, चिंचोली, नवी पेठ आणि मार्केट यार्ड.

पप्पा म्हणतात हे सेल्सचंच काम आहे, नाव तेवढं मोठं दिलंय, त्यापेक्षा वर्षभर घरी बसून बँकेची तयारी कर. आईला टेन्शन की मुलगी एकटी स्कूटीवर कारखान्या-कारखान्यात फिरणार. मला लोकांशी बोलायला मनापासून आवडतं पण अनोळखी माणसाला फोन लावून काहीतरी विकायचं म्हटलं की पोटात गोळा येतो हेही खरंय.

जे या लाइनमध्ये आहेत त्यांनी प्लीज सांगा, दिवस कसा जातो, टारगेटचं प्रेशर किती असतं, ३.६ मधले हातात किती पडतात आणि दोन-तीन वर्षांनी पुढे काय? आठ दिवसांत कळवायचंय त्यांना.

फील्डवरचा_सोलापूरकर

ताई मी याच लाइनमध्ये आहे, आधी पेंट, मग कॉम्प्युटर हार्डवेअर आणि आता सॉफ्टवेअर, त्यामुळे जरा लांबड लावतो, सवडीने वाचा.

पप्पांचं अर्धं बरोबर आहे. मोठ्या कंपनीत बिझनेस डेव्हलपमेंट म्हणजे नवीन गिऱ्हाईक कुठून येणार, कोणत्या गावात डीलर नेमायचा, कोणाशी टाय-अप करायचं हे शोधणं, आणि ऑर्डर क्लोज करणारा वेगळा, नंतर सांभाळणारा वेगळा. आपल्याकडे ब्रांच म्हणजे चार-पाच माणसं, त्यामुळे लीड शोधण्यापासून चेक घेऊन येण्यापर्यंत सगळं एकाच माणसाकडे, आणि गिऱ्हाइकाचं बिल प्रिंट होईना तरी रात्री फोन तुम्हालाच येणार कारण तोंडओळख तुमची आहे. पण यामुळेच धंदा कसा चालतो हे इथे जेवढं कळतं तेवढं पुण्यातल्या एसी ऑफिसात बसून कळत नाही, हे मी अगदी मनापासून सांगतोय.

दिवस म्हणाल तर सकाळी दहाला ऑफिस, आदल्या दिवशीचे फॉलो-अप कॉल, इंडियामार्ट-जस्टडायलवरून आलेल्या चौकश्यांना फोन, मग दुपारपासून भेटी आणि संध्याकाळी सीआरएममध्ये एन्ट्री, कोणाला भेटलो, काय बोलणं झालं, पुढचा फोन कधी. ही एन्ट्री सगळ्यांना जिवावर येते पण ती नीट ठेवा कारण सोलापुरात पहिल्या भेटीत कोणी ऑर्डर देत नाही. "बघू दिवाळीनंतर" म्हणलेल्या माणसाला खरंच दिवाळीनंतर फोन गेला ना की त्याला बरं वाटतं, आणि बाकीच्या कंपन्यांची पोरं तोवर नोकरी सोडून गेलेली असतात.

आता कोणाकडे कधी जायचं हे कोणी ट्रेनिंगमध्ये सांगणार नाही ते ऐका. मार्केट यार्डात कांद्याच्या अडत्याकडे सकाळी जाऊ नका, लिलाव चालू असतात, आणि डिसेंबर-जानेवारीत आवक एवढी असते की दुपारीसुद्धा मान वर करायला वेळ नसतो त्यांना. युनिफॉर्मवाल्यांचं तसंच, जूनमध्ये शाळा उघडतात म्हणजे मार्चपासून ते माणसांच्या आणि कापडाच्या मागे, त्यांना गाठायचं तर जुलै-ऑगस्टमध्ये. नवी पेठेतल्या दुकानदाराकडे संध्याकाळी गर्दीच्या वेळी जाऊन उभं राहिलात तर तो ओळख दाखवणार नाही, दुपारी जेवणाआधी जा. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत निम्मं गाव त्यातच असतं, तेव्हा कोणी निर्णय घेत नाही. आणि ज्या पेठेत पाण्याचा दिवस असेल तिथे सकाळी घरगुती कारखान्यात भेट मागू नका, सगळं घर पाणी भरण्यात असतं.

अजून एक, आणि हे सगळ्यात कामाचं. मालक हो म्हणाला म्हणजे ऑर्डर आली असं नाही. आपल्याकडे लहान कारखान्यात, दुकानात अकाउंटंट पार्टटाइम असतो, एकच माणूस अनेक ठिकाणची खाती लिहितो, आणि त्याला नवीन सॉफ्टवेअर नको असेल तर तो मालकाला दोन वाक्यांत गार करतो. त्यामुळे डेमो आधी त्याला द्या, मालकाला नंतर. तुमचं टॅली-जीएसटी झालंय म्हणजे तुम्ही त्याच्या भाषेत बोलू शकता, हे नुसता एमबीए केलेल्या पोराला जमत नाही. आणि टॅक्स कन्सल्टंट लोकांशी ओळख वाढवा, एका कन्सल्टंटचा तुमच्यावर विश्वास बसला की तो स्वतःहून गिऱ्हाईक पाठवतो, कोल्ड कॉल करायची पाळी कमी येते.

प्रेशर आहे. महिन्याची २५ तारीख उलटली की मॅनेजरचा आवाज बदलतो, हे सगळीकडे. पण प्रेशरपेक्षा महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे, तो ऑफर घेण्याआधी विचारा. टारगेट बिलावर मोजणार की पैसे जमा झाल्यावर? आपल्या बाजारात उधारी चालते, माल घेतलेला माणूस सुद्धा दोन-तीन महिने पैसे देत नाही तर सॉफ्टवेअरचे कुठून देणार. इन्सेंटिव्ह कलेक्शनवर असेल आणि वसुलीही तुमच्याकडेच असेल तर तुमचे ९० हजार दुसऱ्याच्या उधारीत अडकणार. हे उत्तर मेलवर घ्या, तोंडी नको.

अक्कलकोटरोड_टॉवेल

मी विकणारा नाही, घेणारा हाय. आमचं टॉवेलचं युनिट हाय एमआयडीसीत, लहानच. वरच्या भाऊंनी अकाउंटंटचं जे लिहिलंय ते शंभर टक्के खरंय, आमच्याकडं तसंच झालतं.

आमच्याकडं दर आठवड्याला कोण ना कोण येतंय, सॉफ्टवेअरवाले, सोलरवाले, इन्शुरन्सवाले, बँकेचे लोनवाले. येतात, टेबलावर ब्रोशर ठेवतात आणि पाठ केलेलं बोलायला लागतात, सर आमच्यात हे फीचर हाय ते फीचर हाय. ओ पण माझी अडचण काय हाय ती विचारा की आधी. माझा निम्मा माल जॉबवर बाहेर विणायला जातो, कुणाकडं किती किलो सूत गेलं, किती टॉवेल परत आले, घट किती धरायची, याचा हिशोब वहीत हाय आणि त्या वहीपायी रोज भांडणं व्हायलीत. एक पोरगी आली ती तासभर फक्त ती वहीच बघत बसली, काय लिहिता, कसं लिहिता, हा आकडा कुठनं आला, आणि म्हणाली आमच्या सॉफ्टवेअरमध्ये यातलं एवढं होतंय आणि एवढं होत नाही. होत नाही हे तिनं तोंडानं सांगितलं म्हणून मी घेतलं.

तुम्हाला कायद्याचं माहीत असलं तर लई उपयोग होतो बघा. ज्याची उलाढाल ५ कोटींच्या वर गेली त्याला १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, लागतंय, मग असा माणूस हातानं बिल फाडून चालत नाही, तुमचं सॉफ्टवेअर त्याला लागणारच हाय. दुसरं ते आयकराचं ४५ दिवसांचं कलम, ४३बी एच म्हणून ओळखतात ते. २०२३ च्या बजेटात आणलं आणि २०२४ च्या एप्रिलपासून लागू झालं, की सूक्ष्म-लघु उद्योगाकडनं माल किंवा सेवा घेतली आणि लेखी करार असला तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसला तर १५ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर त्या वर्षाच्या खर्चात ते धरता येत नाही, ज्या वर्षी देईल त्याच वर्षी धरायचं. व्यापाऱ्याच्या मालाला हे लागत नाही, बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला लागतंय. तुमची कंपनी उद्यम या सरकारी पोर्टलवर सूक्ष्म किंवा लघु म्हणून नोंदलेली असली तर वसुलीच्या वेळी एवढंच आठवण करून द्यायचं, भांडायचं काम नाही. मार्च जवळ आला की सीए स्वतःच आम्हाला फोन करून विचारतोय कुणाकुणाचे थकलेत.

आईंच्या काळजीबद्दल सांगतो, माझी पण मुलगी कॉलेजला हाय म्हणून समजतंय मला. दिवसा अक्कलकोट रोडला काय अडचण नाही ओ, आमच्याकडंच टॉवेल शिवायला, पॅकिंगला सगळ्या बायका हायत, येणं-जाणं चालूच असतं. भेट ठरवताना फोनवर विचारा ऑफिसला कोण कोण असतं, अंधार पडल्यावरची वेळ दिली तर सरळ दुसऱ्या दिवशीची मागा, कामाचा माणूस नाही म्हणत नाही. चिंचोली मात्र गावापासनं लांब, पुणे हायवेला, तिकडं सुरुवातीला ऑफिसातल्या कुणालातरी घेऊनच जावा. आणि एप्रिल-मे चं ऊन तुम्हाला माहीतच हाय, दुपारच्या भेटी तेव्हा फोनवर उरकायच्या.

पुण्याहून_परत

मी कॉलिंगबद्दल लिहिते कारण तुझ्या पोटात जो गोळा येतो म्हणालीस तो मी चांगलाच ओळखते.

मी पुण्यात एका ऑनलाइन कोर्स विकणाऱ्या कंपनीत याच पदावर होते, नाव लिहीत नाही. तिथे हातात हेडफोन आणि समोर पालकांच्या नंबरांची यादी. टॉक टाइम मोजायचे, म्हणजे दिवसभरात किती मिनिटं बोललीस ते स्क्रीनवर, कमी पडलं तर टीमसमोर नाव घेऊन विचारायचे, रविवारी पालक घरी असतात म्हणून रविवारी हमखास डेमो. हे सगळं एकवेळ चाललं असतं. मला जे सहन झालं नाही ते हे की ज्या माणसाचा पगार कोर्सच्या फीला पुरणार नाही हे फोनवर दिसत असायचं त्यालाही ईएमआय समजावून सांगायचा, आणि हा हप्ता म्हणजे फायनान्स कंपनीचं कर्ज आहे हे जितकं उशिरा सांगता येईल तितकं बरं असं आम्हाला शिकवलं जायचं. मुलाचं नाव घेऊन बापाला भावनिक करायचं. मी नोकरी सोडली आणि परत आले, आता इथे एका पॅथॉलॉजी लॅबसाठी बिझनेस डेव्हलपमेंट बघते, डॉक्टर आणि कंपन्यांशी हेल्थ चेकअपचे करार, आणि पद तेच असूनही काम पूर्ण वेगळं आहे, रात्री झोप लागते.

म्हणून तुला एकच विचारते, तू जे विकणार आहेस ते सॉफ्टवेअर स्वतः वापरून बघितलंस का? तू कॉमर्सची आहेस, एक दिवस डेमो कॉपी माग, खोटी बिलं टाक, जीएसटी रिटर्नचा डेटा काढून बघ. ते नीट चालत असेल तर फोन लावताना गोळा येणार नाही, आला तरी दोन-चार आठवड्यांत जाईल, कारण तू समोरच्याला उपयोगाची गोष्ट सांगत असशील. ते नीट चालत नसेल तर मात्र ऑफर कितीही चांगली असली तरी घेऊ नकोस गं, रोज त्याच गावात त्याच लोकांना तोंड दाखवायचंय.

आणि कॉलिंग स्वतःच्या नंबरवरून अजिबात करू नकोस, कंपनीचं सिम माग. प्रमोशनच्या कॉलला १४० ने सुरू होणारी सिरीज आणि रजिस्टर्ड टेलिमार्केटर असा नियम आहे, आणि ट्राय या टेलिकॉम नियामकाने ऑगस्ट २०२४ मध्ये मोबाईल कंपन्यांना सांगितलंय की बिनानोंदणीचे असे कॉल करणाऱ्यांची कनेक्शनं तोडा आणि दोन वर्षांपर्यंत ब्लॅकलिस्ट करा. लोकांनी स्पॅम म्हणून तक्रारी केल्या तर बँक, आधार सगळं ज्या नंबरला जोडलंय तोच जाईल. ज्याने स्वतः चौकशी केलीये किंवा ज्याचा रेफरन्स आहे त्यालाच फोन कर, बाकीच्यांना भेटून बोल, सोलापुरात भेटून बोलणंच जास्त चालतं.

पगारपत्रक_बघतो

एचआर-पेरोलमध्ये काम करतो, हातात किती याचं उत्तर मी देतो. बेसिक किती ते तुम्ही लिहिलं नाही, मी १२,००० धरतोय.

३.६ लाखातून ९० हजार व्हेरिएबल बाजूला काढा, उरले २.७ लाख, महिना २२,५००. पण सीटीसीत कंपनीचा हिस्साही धरलेला असतो, म्हणजे पीएफचे १२ टक्के १,४४० आणि ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्के साधारण ५७७. ग्रॉस (कपातीआधीचा पगार) २१ हजारांच्या आत येतो म्हणून ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागणार, कंपनीचे सव्वातीन टक्के म्हणजे ६४५ च्या आसपास. हे वजा जाता ग्रॉस १९,८०० च्या जवळ येतो. त्यातून तुमचा पीएफ १,४४० आणि ईएसआयसीचा पाऊण टक्का, दीडशे रुपये. प्रोफेशनल टॅक्स महाराष्ट्रात महिलांना २५ हजारांपर्यंत माफ आहे त्यामुळे ते दोनशे वाचले. म्हणजे हातात सव्वाअठरा हजार पडतील. ईएसआयसी कापलं म्हणून वाईट वाटून घेऊ नका, त्यात आईवडील तुमच्यावर अवलंबून असतील तर त्यांनाही उपचार मिळतात.

खरी गोम पेट्रोलची आहे. चिंचोली, होटगी रोड, यार्ड असं रोज फिरणार तर किलोमीटरमागे किती देणार, की ठराविक रक्कम देणार, की "पगारात धरलंय" म्हणणार? पगारात धरलं असेल तर सव्वाअठरातून पेट्रोल, मोबाईल आणि गाडीची सर्व्हिसिंग जाऊन काय उरतं ते वहीवर मांडून बघा. नोटीस पिरियड किती आणि ट्रेनिंगचा बाँड आहे का हेही बघा, ओरिजिनल सर्टिफिकेट ठेवून घेतो म्हणाले तर सही करू नका.

विजापूररोड_कॉमर्स

सगळ्यांचे खूप खूप आभार, मी आईला टॉवेलवाल्या अण्णांचं पूर्ण उत्तर वाचून दाखवलं, ती म्हणाली चिंचोलीला एकटी जायचं नाही बाकी ठीक. आज कंपनीत फोन करून विचारलं. इन्सेंटिव्ह बिलावर आहे पण ६० दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या क्वार्टरमधून कापतात, आणि वसुलीला वेगळा माणूस नाही. पेट्रोल किलोमीटरमागे ३ रुपये, मीटरचा फोटो टाकायचा रोज. बाँड नाही. डेमो कॉपी देतो म्हणाले, उद्या घ्यायला जाणार आहे. बेसिक १२ हजारच आहे, तुमचा हिशोब जुळला!

पप्पा अजून बँकेवरच आहेत. आणि पुढे काय हा प्रश्न राहिलाच, सोलापुरात राहून या लाइनमध्ये वाढता येतं का, की शेवटी पुणे?

फील्डवरचा_सोलापूरकर

६० दिवसांचं कलम वाईट नाही, उलट तुम्ही सुरुवातीपासून ऑर्डर घेतानाच निम्मे ॲडव्हान्स मागायची सवय लावा. सॉफ्टवेअरमध्ये ते शक्य असतं, ॲडव्हान्स आल्याशिवाय इन्स्टॉलेशनची तारीख द्यायचीच नाही. नवीन माणूस ऑर्डर जाईल या भीतीने "सर पैसे नंतर द्या" म्हणतो आणि मग सहा महिने त्या दारात उभा राहतो.

पुढचं म्हणाल तर आपल्या गावात वर चढायला पायऱ्या कमी आहेत हे खरंय, ब्रांचला मॅनेजर एकच असतो. माझ्या बरोबरची निम्मी पोरं पुण्याला गेली, काही हैदराबादला, ते पण जवळच आहे आपल्याला. वंदे भारत आणि हुतात्मामुळे पुण्याच्या मीटिंग एका दिवसात होतात, त्यामुळे आता काही कंपन्या सोलापूरला घर ठेवून पूर्ण पश्चिम महाराष्ट्र किंवा मराठवाडा बघणारे एरिया मॅनेजर ठेवतात, ते एक होऊ शकतं. दुसरा रस्ता म्हणजे कारखानदारांकडेच जाणं. टॉवेल, युनिफॉर्मवाल्यांना बाहेरच्या राज्यात, हॉटेल-हॉस्पिटलात, एक्स्पोर्टला माल विकायला माणूस हवा असतो, पण ईमेल नीट लिहिणारा, कोटेशन वेळेत पाठवणारा, सॅम्पलचा पाठपुरावा करणारा माणूस त्यांना मिळत नाही. सोलापुरी चादरीला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, नाव देशभर माहीत आहे, तरी कितीतरी युनिट अजून त्याच जुन्या दोन-तीन व्यापाऱ्यांच्या भरवशावर आहेत आणि भाव तेच ठरवतात. मला याचं फार वाटतं. दोन वर्षं त्यांच्या वह्या बघून झाल्या की तुम्हाला त्यांचा धंदा त्यांच्याइतकाच कळेल, मग हे काम तुमच्यासाठीच आहे.

बँकेचं पप्पांना एवढंच सांगा की बँकेत पण आता खाती उघडा, विमा विका असं टारगेट असतंच, कोणत्याही शाखेतल्या ओळखीच्या माणसाला विचारू देत. परीक्षा द्यायचीच असेल तर नोकरी करून द्या, रविवार मोकळा आहे का ते मात्र ऑफर लेटरमध्ये बघा.

अक्कलकोटरोड_टॉवेल

पूर्व भागात फिरणार असाल तर थोडं तेलुगू शिकून घ्या, आमच्या पद्मशाली समाजातले जुने कारखानदार मराठी बोलतात चांगलं पण हिशोबाचं बोलताना आपसात तेलुगूतच बोलायलेत. पूर्ण भाषा नको, आकडे आणि "बागुन्नारा" (बरे आहात का) एवढं आलं तरी माणूस खुर्ची पुढं करतोय. अक्कलकोटकडच्या गिऱ्हाइकाला कन्नडचं तसंच. आणि डेमो कॉपी मिळाली की त्यात जॉबवर्कचं, सुताच्या घटीचं काय होतंय का ते तेवढं बघून इथं लिहा, मलाच पाहिजे हाय ते.

विजापूररोड_कॉमर्स

अण्णा नक्की बघते. तेलुगूचे आकडे कॉलनीतल्या मैत्रिणीकडून येतात मला शंभरपर्यंत. जॉबवर्कचा मेनू आहे असं ब्रोशरमध्ये दिसतंय पण घट वेगळी टाकता येते का ते उद्या कॉपी मिळाल्यावर खरी एन्ट्री करून सांगते, नसेल होत तर तसंच लिहीन.